बाल्कनीत किल्ला करायचाय, हाताशी दोन कारागीर: वय ७ आणि ४

चौथा_मजला:

दिवाळीला तीन आठवडे आहेत. बाल्कनी ८ बाय ४ फूट, समोरच्या ४ फुटी बाजूला लोखंडी रेलिंग, डाव्या हाताला पक्की भिंत. मुलगा सात वर्षांचा, त्याला "खरा" किल्ला हवाय. मुलगी चार वर्षांची, तिला बहुतेक नुसतं पाणी ओतायचंय. बाजारातला तयार किल्ला आणायचा नाही, एवढं घरात ठरलंय.

विचारायचं ते असं:
माती किती लागेल आणि बाल्कनीवर किती भार येईल?
अळीव नेमके कधी पेरायचे?
दोघांना एकाच किल्ल्यावर कामाला लावलं की पहिल्या दहा मिनिटांत भांडण ठरलेलं. ते कसं टाळायचं?
आणि कोणता किल्ला घ्यावा? मुलगा रायगडावर अडून बसलाय.

---

गोणपाट:

आधी भाराचं. भरीव डोंगर करू नका. ३ बाय २ फुटांचा, शेंड्याला दीड फूट उंच डोंगर नुसत्या मातीचा केला, तर ओला असताना दीडशे किलोच्या घरात जातो. तोच आतून पोकळ ठेवला तर वरच्या थराला दोन घमेली माती पुरते, म्हणजे तीस-पस्तीस किलो. आधाराला चार-पाच विटा धरा, तेवढंच.

सांगाडा: रंगाची रिकामी बादली उलटी घाला, तो बालेकिल्ला. तिच्या बाजूने दोन जाड खोकी कमी-जास्त उंचीची लावा, त्या माच्या. खोकी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच ठेवा. पुठ्ठा ओल धरतो आणि तिसऱ्या दिवशी माची बसते. हे गुंडाळणं क्षुल्लक वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि ऐन धनतेरसला दरड कोसळते.

पोतं तागाचंच घ्या, वाण्याकडे मिळतं. तांदळाच्या चकचकीत प्लास्टिकच्या गोणीवर चिखल धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. ताग मिळालाच नाही तर जुनी सुती चादर चालेल.

लाल माती चाळून घ्या. चाळायचं काम मोठ्यांनी करायचं, कारण मातीत खिळे आणि काचा निघतात. निम्म्या मातीचा पळीवाढा राप, म्हणजे पातळ चिखल, करा. पोतं दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पिळा, रापात बुडवा आणि सांगाड्यावर टाका. आता घाई करू नका, कारण डोंगर इथेच तयार होतो. पोत्याला चिमटे काढून उभ्या घड्या पाडल्या की सोंडा आणि घळी आपोआप दिसायला लागतात. ताणून बसवलंत तर उशीचा अभ्रा दिसेल. रात्रभर तसंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी उरलेली माती थालीपिठाच्या पिठाइतकी सैल मळून बोटाच्या पेराएवढा थर द्यायचा, त्याहून जाड नाही. भेगा पडतात त्या दोन कारणांनी: थर जाड किंवा ऊन थेट. काळी माती तर वापरूच नका, ती ओली झाली की फुगते आणि वाळताना आक्रसते. लाल मातीत एक चतुर्थांश बारीक वाळू आणि मूठभर कातरलेला काथ्या घातला की भेगा पुष्कळच कमी होतात. पडल्याच तर पातळ राप बोटाने भरायचा.

तटबंदीसाठी याच मातीच्या वळ्या करून चपट्या करा. चिकटवण्याआधी दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून मध्ये राप लावा. नुसत्या दाबून बसवलेल्या भिंती वाळल्या की उचलून हातात येतात. पायऱ्या आणि तटावरच्या चर्या (माथ्यावरचे दाते) कधी कापायच्या याची खूण सांगतो: माती बोटाला चिकटत नाही, पण नख दाबलं तर उमटतं. शाळेच्या पट्टीने कापा. त्याआधी कापल्या तर लोळागोळा होतो, नंतर कापल्या तर तुकडे पडतात.

सगळ्याच्या खाली ताडपत्री. तिच्या कडांखाली वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या सरकवून दोन इंच काठ करा आणि बाल्कनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीला चिखल लागू देऊ नका. खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे लाल झाले की दिवाळीचा फराळ एकतर्फी होतो.

---

कडी_कोयंडा:

थोडक्यात लिहितो, पण आधी हेच वाचा. किल्ला रेलिंगला टेकवून करू नका. दीड फुटाचा घट्ट डोंगर म्हणजे चार वर्षांच्या मुलीसाठी आयती पायरी. त्यावर उभी राहिली की रेलिंग तिच्या कमरेला येतं. तुमच्याकडे भिंत आहे ना, तिच्या आतल्या कोपऱ्यात करा, रेलिंगपासून निदान तीन फूट आत. उरलेल्या विटा आणि उलट्या बादल्याही रेलिंगजवळ ठेवायच्या नाहीत.

दुसरं, वाळलेला ताग भसकन पेट घेतो. पणत्या जमिनीवर आणि लांब. किल्ल्यावर बॅटरीवरचे दिवेच लावा.

---

पायथ्याचं_गाव:

भांडणाबद्दल. एक डोंगर आणि चार हात असतील तर भांडण होणारच, त्यात मुलांचा दोष नाही. जागा वाटून द्या. डोंगर मोठ्याचा, पायथ्याचं गाव धाकटीचं. गावाची हद्द आधी सुतळीने आखा, दीड बाय एक फूट पुरे. नियम एकच आणि दोघांनाही सारखा: दुसऱ्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय हात नाही. आईबाबांनाही हाच नियम. मोठी माणसं दिसेल तिथे "जरा सरळ करतो" म्हणत हात घालतात, आणि मूल नेमकं तेच शिकतं.

मोठा येऊन म्हणेल, "किल्ल्याखाली डायनासोर नसतो." नसतो, पण ते गाव तिचं आहे, तिथे असू द्या. गडावर मात्र त्याचं चालेल. ही अट दोन्हीकडून पाळली गेली की दोन दिवसांत तोच तिला गोठा बांधून द्यायला जातो, न सांगता.

चार वर्षांचं मूल एका कामावर पंधरा-वीस मिनिटं टिकतं, म्हणून तिला मोठं काम न देता वारंवार येणारी छोटी कामं द्या. चिखल पायाने तुडवणं, पोत्यावर रापाचे थपाथप हात मारणं, बी भुरभुरणं, काड्यापेटीच्या घरांना कागद चिकटवणं. अर्ध्या अक्रोडाच्या कवचात पानाचं शीड लावलं की होडी होते, तीही तिच्याकडे. पाणी ओतायचंय ना? मग तांब्या लपवा आणि फवाऱ्याची बाटली हातात द्या: सकाळी दहा दाब, संध्याकाळी दहा दाब, मोठ्याने मोजत. तांब्याने ओतलं की माती वाहून खाली तागाचं पोतं उघडं पडतं. फवाऱ्याने लागेल तेवढंच पाणी जातं आणि तिचं काम खरंखुरं उपयोगाचं होतं.

मोठ्याला हुद्दे आवडतील. शिवकाळात गड एकट्याच्या ताब्यात नसायचा. किल्ल्या आणि दरवाजे हवालदाराकडे, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, शिबंदी म्हणजे गडावरचं सैन्य सरनोबताकडे, धान्याचं कोठार कारखानिसाकडे. घरातही तसंच करा. हवालदार संध्याकाळी दरवाजा लावतो, कारखानीस पाणी आणि बी सांभाळतो, सबनीस कोणी काय केलं ते वहीत मांडतो. धाकटीला लिहिता येत नाही म्हणून अडत नाही, चित्र काढेल. रोज हुद्दे फिरवायचे. "मीच राजा" हा वाद यात आपसूक मागे पडतो.

मोडतोड होणारच. वाटीभर राप ओल्या फडक्याखाली झाकून कायम बाजूला ठेवा, ती डागडुजीची वाटी. धाकटीने बुरूज पाडला तर तिच्याकडून जबरदस्तीने सॉरी वदवून घेऊ नका, वाटी तिच्या हातात द्या. कुठे लावायचं ते दादा दाखवेल, लावेल ती. वाकडं बसलं तरी बसू द्या. मुलं झोपल्यावर रात्री गुपचूप नीट करून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. सकाळी कळतंच, आणि तिला एवढंच समजतं की आपलं काम पुसलं गेलं.

पाहुण्यांची मुलं आली की त्यांचे हात शिवशिवतात. "हात लावू नकोस" म्हणण्यापेक्षा चार-पाच मावळे वेगळे काढून ठेवा. येणाऱ्याने एक मावळा स्वतः निवडायचा आणि दोघांपैकी एकाला विचारून उभा करायचा. सोसायटीतल्या वॉचमनच्या, कामाच्या मावशींच्या मुलांनाही हेच आमंत्रण, आणि ते मुलांनीच जाऊन द्यायचं.

---

चौथा_मजला:

कडी_कोयंडा, रेलिंगचं डोक्यातच आलं नव्हतं. जागा बदलली. आता अळीव राहिले. आणि रायगडाचं काय करू?

---

वाफ्यातली_माती:

अळीव वसुबारसेच्या पाच दिवस आधी. ऑक्टोबरच्या उकाड्यात दीड-दोन दिवसांत मोड येतात, पाचव्या दिवशी इंचभर हिरवळ दिसते. आठवडाभर आधी पेरलेत तर लक्ष्मीपूजनापर्यंत लांबलचक होऊन आडवे पडतात.

३ बाय २ च्या डोंगराला तीन ते चार चमचे पुरे, सगळीकडे पेरायचे नाहीत. कडे उघडेच ठेवा, नाहीतर डोंगराऐवजी मेथीची जुडी दिसेल. अळीव आधी भिजवू नका. लाडवासाठी भिजवतो तेव्हा कसे बुळबुळीत होतात, आठवा. तसे झाले की गोळेच पडतात, भुरभुरता येत नाहीत. माती ओली करायची आणि कोरडे टाकायचे. मग तोच बुळबुळीतपणा कामी येतो, बी उतारावर चिकटून बसतं. मोहरी याच उतारावरून घरंगळून तळाशी जमते, म्हणून ती सपाट माचीवर. गहू रात्रभर भिजवून पेरले तर आठवड्यात वीतभर होतात, ते गावातल्या शेतात शोभतात, गडावर नाही. शिवाय गव्हावर कबुतरं येतात. मोड येईपर्यंत जुनी ओढणी टाकून ठेवा.

तिसऱ्या दिवशी मोडांभोवती पांढरी लव दिसेल आणि बुरशी समजून बरेच जण सगळं खरवडून टाकतात. आधी पाण्याचा एक फवारा मारा. लव पाण्याबरोबर चपटी होऊन दिसेनाशी झाली तर ते मुळांचे बारीक केस, काही करू नका. पाण्यानंतरही कोळ्याच्या जाळ्यासारखा थर राहिला आणि वास आला तर बुरशी. म्हणजे बी दाट पडलंय आणि पाणी जास्त झालंय. तेवढा भाग चमच्याने काढा आणि एक वेळचं पाणी बंद.

नर्सरीची खत घातलेली माती नको, तिच्यावर चिलटं येतात आणि घरात वास फिरतो.

---

कुरटे_बेट:

रायगडाला उंची लागते. उंची आली की माती आली, भार आला, उतार आला. बाल्कनीत जलदुर्ग घ्या, सिंधुदुर्ग. दीड फुटांऐवजी सहा इंचांत काम होतं, बादलीही नको, नुसत्या विटांवर पोतं. कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालं, तट नागमोडी आहे, त्यामुळे सात वर्षांच्या हाताने वळी वाकडी गेली तरी ती बरोबरच. मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या मधे असा दडवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मुलाला सांगा, दरवाजा समोरून दिसला तर चुकलं. आतमध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, बाटल्यांची तीन झाकणं मातीत रुतवली की झाल्या. समोर मालवणचा किनारा, ते धाकटीचं गाव. अक्रोडाच्या होड्या तिथे शोभतील.

समुद्रात खरं पाणी भरू नका, तळ ओला राहून तट ढासळतो आणि डास होतात. वखारीतून लाकडाचा भुसा आणा, डबाभर भुशाला खायचा निळा रंग पाण्यात कालवून चोळा, सावलीत वाळवा आणि पसरा. रांगोळीपेक्षा हे बरं. रांगोळीची पूड हाताला लागते आणि चार वर्षांचा हात डोळ्यांत जातो.

मावळ्यांचं एक. बाजारातली मातीची चित्रं ओल्या जमिनीवर ठेवली की खालून रंग सुटतो आणि पाय विरघळतात. फवारणी चालू आहे तोवर प्रत्येकाखाली बाटलीचं झाकण द्या. लहान चित्रं मागे आणि गडावर, मोठी पुढे किनाऱ्यावर. उलट केलंत तर मावळा तटापेक्षा उंच दिसतो.

---

गोणपाट:

कुरटे_बेट यांना अनुमोदन. माझा सांगाडा डोंगरासाठी होता, जलदुर्गाला माती घमेलंभरच लागेल. तरी मुलगा रायगडावर अडलाच तर बादली आणि खोकी आहेतच.

उतरवतानाचं राहिलं. काही ठिकाणी शेवटी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावतात, तो प्रकार नको. विटांचे तुकडे आणि खडे गोळीसारखे उडतात. पाणी बंद करून दोन दिवस वाळू द्या, मग पोतं चारही कोपऱ्यांनी धरून उचला, बहुतेक माती त्यातच येते. ती कुंड्यांमध्ये जाते, मोरीत नाही. मावळे एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडाच्या भुशात ठेवा, निळा झाला असला तरी चालतो, फक्त पूर्ण कोरडा हवा. तो भुसा भरायचं काम धाकटीला द्या.