अण्णा देवभोळे नव्हते

थोरली लेक, पुणे

येत्या पौषात अण्णांना जाऊन वर्ष होईल. दशक्रियेच्या प्रवचनात महाराजांनी त्यांना तीनदा 'देवभोळा जीव' म्हटलं, आणि तेव्हाच उठून सांगावंसं वाटलं होतं की महाराज, नाही हो. जो माणूस रोज रात्री गॅसची नळी वाकून हुंगायचा, दुधाचं माप स्वतः घालून बघायचा आणि कुलूप लावल्यावर चार वेळा ओढायचा, तो भोळा कसा?

म्हणून हे लिहायला बसले. ज्यांनी अण्णांना जवळून पाहिलं त्यांनी आठवेल ते लिहा. कौतुक कमी करा, ते दहाव्याला झालंय. चिडलेले अण्णा आठवत असतील तर तेही चालतील.

सुरुवात मीच करते. आम्ही इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव, त्यामुळे लहानपणाचा वास म्हणजे न वाळलेल्या कपड्यांचा. वडील इंजिन ड्रायव्हर. शेडमध्ये खलाशी म्हणून लागले, मग असिस्टंट, मग मालगाडी. त्यांची ड्युटी रात्रीची असली की दिवसभर घरात कुजबुज. भांडं पडलं तर आईचे डोळे मोठे व्हायचे. शाळेच्या एकाही गॅदरिंगला ते आले नाहीत, हे मी बरीच वर्षं मनात ठेवलं होतं.

बाहेरगावच्या लोकांसाठी घाटाबद्दल थोडं. कसारा ते इगतपुरी चढ असा आहे की सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते. मुंबईकडून आलेल्या बहुतेक गाड्यांना एकट्या इंजिनाने हे जमत नाही, म्हणून कसाऱ्यात मागून जास्तीची इंजिनं लावतात, ती ढकलत वर आणतात. ते बँकर. इगतपुरीत ते सुटतात. पुढे आमच्या वेळी गाडीचं मुख्य इंजिनही इथे बदलायचं, कारण मुंबईच्या बाजूला तारेत १५०० व्होल्ट डीसी आणि पलीकडे २५ हजार व्होल्ट एसी. तेवढ्या वेळात अख्खी गाडी वडापाव खाऊन घ्यायची.

नोकरीची शेवटची सोळा वर्षं अण्णा बँकरवर होते. मेल-एक्स्प्रेसला जायची संधी त्यांनी दोनदा नाकारली. मेलला माइलेज, म्हणजे किलोमीटरवर मिळणारा भत्ता, चांगला मिळतो, मान असतो. पण रात्री भुसावळच्या नाहीतर मुंबईच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या मुक्कामाच्या जागी, काढाव्या लागतात. धाकट्याला दमा होता, म्हणून ते घराजवळ राहिले. आम्हाला एवढंच माहीत आहे.

त्यांची लोखंडी लाईन बॉक्स, म्हणजे ड्युटीवर न्यायची पेटी, मी पुण्याला आणली आहे. आत टॉर्च, विरलेला लाल झेंडा, प्लास्टिकच्या पिशवीत हरिपाठाची पुस्तिका, आणि एक करडा मफलर, घडीसुद्धा न मोडलेला. तो कुणाचा ते कळलं नाही.

धाकटा मुलगा

ताईने माझा दमा जगजाहीर केलाच आहे, तर लिहितो.

आषाढात रात्री धाप लागली की अण्णा मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे. पाठ चोळणं, गरम पाणी वगैरे आईचं खातं. हे फक्त म्हणायचे, "डबे मोज." मालगाडी घाट चढून आली की तिचा आवाज लांबून यायचा. एक, दोन, तीन... प्रत्येक डब्याला एक श्वास. कोळशाची असेल तर अठ्ठावन्न डबे आणि शेवटी गार्डचा. मध्येच चुकलो तर म्हणायचे, "पुढची येईल, तिचे मोज." देवाचं नाव घे असं त्या रात्रींत त्यांनी एकदाही सांगितलं नाही. ते वारकरी, गळ्यात माळ, एकादशी पक्की, पण माझ्या छातीवर अंगारा लावायला आलेल्या आत्याला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. "आधी औषध, मग अंगारा," असं काहीतरी म्हणाले. आत्या दोन वर्षं बोलत नव्हती.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. माझ्यामुळे त्यांनी मेल सोडली, हे मी तीस वर्षं डोक्यावर घेऊन फिरतोय. त्यांच्याबरोबरचे लोक मेल-एक्स्प्रेसवर गेले. निवृत्तीच्या दिवशी हार घालून इंजिनाबरोबर फोटो काढला, तोही बँकरचाच. त्यांना विचारायचं राहून गेलं.

शेजारची मुलगी (आता आजी)

आमचे अब्बा टीएक्सआर होते, म्हणजे गाड्यांची तपासणी करणारे. भिंतीला भिंत. रमजानमध्ये पहाटे तीनला कॉल बॉय अण्णांना ड्युटीचा निरोप द्यायला आला की आमचंही दार तोच वाजवायचा. सेहरीला घड्याळ लागलं नाही.

१९७४च्या रेल्वे संपात, मे महिन्यात, पोलीस क्वार्टरमध्ये येऊन माणसं उचलत होते. अब्बा आणि अण्णा, दोघंही तेव्हा तरुण, त्र्यंबकेश्वरला एका मठात जाऊन लपले. पहाटे काकड्याला उठवायचे. अब्बा म्हणायचे, मला फजरच्या नमाजाला उठायची सवय आहे, हाच आळशी आहे. अण्णांना तिथेच पहिल्यांदा टाळ धरता आला, तोही उलटा धरला होता असं अब्बा शेवटपर्यंत सांगायचे. म्हणजे हे घराण्यातले वारकरी नव्हेत हं. पोलिसांमुळे झालेले.

सूनबाई

दोनच ओळी. एकादशीचा साबुदाणा स्वतःपुरता स्वतः भिजवायचे, मला उपास धर म्हणून कधी सांगितलं नाही. आणि मीठ कमी पडलं तर मात्र शेजारच्या तीन घरांना कळायचं.

दिंडीतले एक

रिटायर झाल्यावर आण्णा आमच्या दिंडीत आले. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघती, सिन्नर, नगर, करमाळा करत आषाढीला पंढरपुरात. आमच्या सामानाचा ट्रक व्हता. मुक्काम पडला का सगळे पाय चेपत बसायचे, हे टॉर्च घेऊन ट्रककडं. "दगड लावला का?" चाकामागं दगड लावलेला स्वतः बघितल्याशिवाय पंगतीला बसायचे नाही. सपाट माळावर सुद्धा! आमी हसायचो. एक पोरगं म्हणालं, आण्णा, ट्रक पांडुरंगाच्या भरोशावर हाये. तर म्हणाले, पांडुरंगाला दुसरी कामं हायेत.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या बारीला कधी थांबले नाही. नामदेव पायरीशी डोकं ठेवायचं, कळस बघायचा, आणि लगेच बूथ शोधून घरी फोन. पोचलो म्हणून.

असिस्टंट, नंतर ड्रायव्हर, आता निवृत्त

मी अण्णांबरोबर सहा वर्षं काढली. धाकट्याचं वाचलं नसतं तर हे लिहिलं नसतं. चार दिवस विचार केला. वहिनींना आवडणार नाही कदाचित, माफी असावी.

इंजिनात अण्णांच्या तोंडून मी विठ्ठलाचं नाव ऐकलं नाही. सिग्नल दिसला की मी पुकारायचो, ते पुकारायचे, एवढाच आमचा नामजप. इगतपुरीहून खाली उतरताना कॅच सायडिंग लागतं. गाडी ताब्यात आहे हे दाखवल्याशिवाय काटा मेन लाईनला लागत नाही. ब्रेक गेलेली गाडी असेल तर ती बाजूच्या चढावर जाऊन थांबावी म्हणून ही सोय. मी नवा होतो, उतार लागण्याआधी हात जोडले. म्हणाले, "हात ब्रेकवर ठेव."

तेव्हा आम्ही मालगाडीवर होतो. थंडीचे दिवस, पहाटे, लहवितच्या पुढे देवळालीकडे जाताना धुकं होतं. समोर माणूस दिसला. ओलांडत होता की नुसता उभा होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णांनी इमर्जन्सी ब्रेक लावला, भोंगा धरून ठेवला. भरलेली मालगाडी अशी जागेवर थांबत नसते. ज्यांनी चालवली आहे त्यांना ते सेकंद माहीत आहेत, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

गाडी थांबल्यावर मी उतरणार होतो. ते म्हणाले, तू गार्डला कळव. स्वतः कंदील घेऊन मागे चालत गेले. परत आले तेव्हा गळ्यात मफलर नव्हता. तो त्यांनी त्या माणसाच्या तोंडावर घातला होता.

चूक कुणाची नव्हती, चौकशीतही तसंच लिहिलं गेलं. आठ दिवसांनी ते ड्युटीवर आले. हात तसाच स्थिर. पण पुढच्या काचेतून बघताना त्यांचा श्वास मला ऐकू यायचा. त्याच महिन्यात पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला जाऊन त्यांनी माळ घातली. संपाच्या वेळेपासून टाळ होता, माळ नव्हती. आणि मग बँकर मागून घेतला. मला एकदाच म्हणाले, "पुढं बघवत नाही रे. मागून ढकलतो."

बँकरला वर चढताना समोर काय दिसतं? शेवटच्या डब्याची पाठ आणि तिच्यावरची मोठी फुली. पुढचं सगळं दुसऱ्या ड्रायव्हरने बघायचं, आपण त्याच्या शिटीला शिटी द्यायची आणि जोर लावायचा. कसाऱ्याला परत उतरताना पुढे बघावंच लागतं, पण रिकामं इंजिन, वेग कमी. तेवढं ते सोसायचे.

तर बाळा, तुझ्यामुळे नाही.

आई (नातीने टाइप केलं)

मला माहीत होतं. त्या दिवशी ते घरात येईनात, ओट्यावरच बसले. आंघोळीचं पाणी मी तीनदा तापवलं. तिसऱ्यांदा उठले. त्यांनी सगळं सांगितलं आणि परत कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. भाऊजींनी लिहिलं ते बरं केलं. माझ्याने झालं नसतं.

पण धाकट्या, तुझा दमाही खोटा नव्हता. मेल नको म्हणायला कागदावर कारण लागतं. 'पुढं बघवत नाही' असं लिहिता येत नाही. ते म्हणाले, काय लिहू? मी म्हटलं, पोराला दमा आहे ते लिहा. रात्री घरी राहायला मिळालं, तेही त्यांना हवंच होतं. मोजायचे ना तुझ्याबरोबर डबे. तू झोपलास तरी मोजत बसायचे.

लोक म्हणतात देवभोळे, म्हणू दे. ते रोज पूजेला बसले की एक फूल देवाला आणि एक बाजूला ठेवायचे. ते कुणाला, हे मी विचारलं नाही.

पहिला मफलर मी विणला होता. त्याच लोकरीचा दुसरा विणून दिला, तो त्यांनी पेटीत ठेवला, घातला नाही. थोरलीला म्हणावं, पेटीत डांबराच्या गोळ्या टाक. लोकरीला कसर लागते.