सहावीतल्या मुलीचं तीन रात्रींचं शिबिर, पाठवू का? (एक अडचण आहे)

धायरीची_आई (२ डिसेंबर)

नमस्कार. इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

लेक सहावीत आहे, अकरा वर्षांची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळा मुलांना राजमाचीला नेते आहे. तीन रात्री, चार दिवस, साडेपाच हजार रुपये. लोणावळ्यापर्यंत बस, पुढे चालत. गावात मुक्काम, किल्ला, आकाशदर्शन, एक वेळचा स्वयंपाक पोरांनीच करायचा. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

चालायची काळजी आहेच, पण खरी अडचण दुसरी. ती अजून महिन्यातून दोन-तीनदा अंथरूण ओलं करते. घरी आम्ही बाऊ करत नाही, चादर बदलतो आणि झोपतो. तिथे मात्र एका खोलीत वीस मुली असणार, आणि सोमवारी त्याच वीस जणी वर्गात.

सासूबाई म्हणतात, पोटात दुखतंय म्हणून कळवा आणि ठेवा घरी. नवरा म्हणतो, पाठव, होईल ते होईल. होईल ते तिचं होईल ना, ह्याचं काय जातंय! लेक स्वतः ह्या विषयावर चकार शब्द काढत नाही. फक्त काल रात्री फॉर्म माझ्या उशीखाली सापडला, माझी सही सोडून बाकी सगळं भरलेला.

कोणाला अनुभव असेल तर सांगा. मुलीला पुढेमागे हे वाचायला मिळू नये म्हणून शाळेचं नाव देत नाही.

---

निवृत्त_पण_जागा (२ डिसेंबर)

साडेपाच हजार! आमच्या वेळी एसटीने जायचो, शालेय सहलीला निम्मं भाडं, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आता शिबिर म्हणजे झिपलाइन, रेन डान्स आणि छापील टी-शर्ट. तरी हे राजमाचीचं त्यातल्या त्यात बरं दिसतंय. अडचणीबद्दल मला काही सांगता येणार नाही, ते बायकाच नीट सांगतील.

---

सोनचाफा७ (२ डिसेंबर)

वरच्या काकांना: मुलाचं अंथरूण मुलाच्या बाबांनीही बदललेलं आहे आमच्याकडे, तेव्हा तुम्हीही सांगू शकला असतात.

ताई, आमचा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत हेच चालू होतं. त्याच्या बाबांचंही लहानपणी असंच होतं, हे सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. त्यांनी आधी विचारलं ते पोट साफ होतं का, हे. बद्धकोष्ठानेही असं होतं, मला ठाऊकच नव्हतं. शिबिरापुरती देता येते अशी गोळीही असते, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. आम्हाला सांगितलं होतं की निघायच्या आधी घरी काही रात्री देऊन बघा, आणि गोळी घेतल्यावर रात्री पाणी प्यायचं नाही. आयत्या वेळी बसमध्ये हातात गोळी कोंबू नका.

---

शिट्टीवाल्या_बाई (३ डिसेंबर)

मी एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवते. एकवीस वर्षं पोरं घेऊन हिंडते आहे. राजमाची, रतनवाडी, हरिश्चंद्रगड, एकदा कळसूबाई (उंची १६४६ मीटर, शिड्यांपाशी भोकाड पसरणारे सात).

आधी हे ऐका: प्रत्येक शिबिरात असं एखादं तरी मूल असतं. कोणीच कोणाला सांगत नाही, म्हणून प्रत्येक आईला वाटतं की हे आपल्याच घरी आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रात्री साडेबाराला मी सगळ्या मुलींना हलवून उठवते. तेव्हा शिट्टी नाही. "सप्तर्षी उगवले, चला." डिसेंबरअखेर संध्याकाळी सप्तर्षी आकाशात नसतातच, ध्रुव शोधायचा तर शर्मिष्ठेवरून शोधावा लागतो. साडेबाराच्या सुमाराला ईशान्येकडे चौकोन वर आलेला असतो, शेपटी अजून डोंगराआड. वसिष्ठ-अरुंधती दिसायला आणखी थांबावं लागतं आणि तेवढ्या थंडीत कोणी थांबत नाही. मग हात ताठ पुढे धरायचा आणि उत्तरेच्या क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवायची. दुसरी मूठ संपते तिथे ध्रुव. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आणि आपला अक्षांश एकोणीसच्या आसपास. हे मी वर्गात फळ्यावर गोल काढून काढून शिकवते आणि पोरं जांभया देतात. तिथे कुडकुडत उभी राहून तीन मिनिटांत पटतं. एकीने विचारलं होतं, "मग काश्मीरला गेलं की मुठी वाढणार?" मी तिथल्या तिथे तिला माझ्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू दिला.

आणि मग मी म्हणते, "आता उठलोच आहोत तर सगळ्या जाऊन या, मग झोपा." रांगेने सगळ्या जातात. कोणासाठी उठवलं हे कोणालाच कळत नाही.

खरं सांगायचं तर ही पद्धत ताऱ्यांसाठी सुरू झालीच नाही. २००९ साली एका मुलीने पहाटे काळोखात ओली सतरंजी एकटीने विहिरीवर नेऊन धुतली. सकाळी दोरीवर दिसली तेव्हा मला कळलं. पाय घसरला असता तर, हा विचार अजून येतो. सप्तर्षी त्याच वर्षी सुरू झाले.

तेव्हा तुम्ही काय करा: सोबत येणाऱ्या बाईंना भेटा. प्रत्यक्ष. पालकांच्या ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. मुलींच्या खोलीत रात्री कोण बाई झोपणार ते विचारा. "बाहेर असतो आम्ही" हे उत्तर चालणार नाही. स्लीपिंग बॅग गडद रंगाची द्या, खाली घालायला प्लास्टिक आणि कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत, सगळ्यात वर. आणि बाईंना माहीत आहे हे लेकीला सांगा. तिच्यापासून लपवून तिच्याबद्दल बोलू नका, अकरा वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं.

बाकी विचारायचं ते असं. तिथे तळं आहे, पोरांना पाण्यात उतरवणार का? २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या कॉलेजची मुलं गेली, तेव्हापासून मी पाण्याच्या बाबतीत कोणाचंच ऐकत नाही. साप चावला तर लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे प्रमुख शिक्षकांना पाठ हवं. पोरींना अत्तर, बॉडी स्प्रे देऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, उग्र वासाने आणि धुराने माश्या पिसाळतात.

कार्यक्रमपत्रिका गच्च भरलेली असेल तर मात्र मला जरा शंका येते. मी दुपारी तीन ते पाच काही ठेवत नाही. मुख्याध्यापक दरवर्षी विचारतात, "बाई, इथे काय?" मी लिहिते, "परिसर निरीक्षण". त्या दोन तासांत करपलेल्या पिठल्याचं पातेलं कोणी घासायचं ह्यावरून पोरांचं भांडण होतं. मी झाडाखाली बसून ऐकते आणि मध्ये पडत नाही. एका वर्षी वर्गात कधीही तोंड न उघडणाऱ्या मुलाने उठून सांगितलं, "ज्याने ढवळायचं सोडून फोटो काढले, त्याने घासायचं." मग मुकाट्याने घासलं गेलं.

पाठवा.

---

मावळातला_गडी (३ डिसेंबर)

चालण्याबद्दल: लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधरा-सोळा किलोमीटर पडतं, पण रस्ता बराचसा सपाट. अकरा वर्षांचं पोर आरामात चालतं, कुरकुरतात ते सर लोक. कर्जतकडून कोंदिवडे, कोंढाणे लेणी असं वर यायचं तर अंतर कमी पण चढ छातीवर येतो. उधेवाडीत पोचलात की श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले समोर. नवे बूट देऊ नका, वापरलेले द्या. तांदळाची भाकरी खायची सवय आहे का पोरीला? नसेल तर तिथे लागेल.

---

धायरीची_आई (४ डिसेंबर)

सगळ्यांचे आभार. बाईंना भेटले. मी वाक्य पुरं करायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुम्ही ह्या वर्षीच्या तिसऱ्या." मला तिथेच रडू आलं, का ते माहीत नाही. सप्तर्षींची युक्ती सांगितली, तर त्यांनी वहीत लिहून घेतली.

लेकीला सांगितलं. तिने एकच विचारलं, "अजून कोणाला माहीत आहे?" म्हटलं, फक्त बाईंना. मग बूट घेऊन जिन्यावर चालायचा सराव करायला गेली. सही केली आहे.

---

धायरीची_आई (३ जानेवारी)

आली. गुडघा खरचटलेला, आवाज बसलेला, केसात गवत. येताना दोन हातमोजे हरवले, दोन्ही डावे. तिचा फक्त एकच होता, दुसरा कोणाचा ते कळलेलं नाही.

पहिले दोन दिवस फक्त भाकरीबद्दल बोलत होती. तिची भाकरी आफ्रिकेच्या आकाराची झाली आणि गावातल्या मावशींनी ती मोडली नाही, तशीच तव्यावर टाकली. काल रात्री सासूबाईंना गच्चीवर नेऊन मुठी मोजायला लावल्या. धायरीच्या दिव्यांत ध्रुव काही सापडला नाही, पण सासूबाई वीस मिनिटं हात पुढे करून उभ्या होत्या.

मी काही विचारलं नव्हतं. आज भांडी पुसताना तिनेच सांगितलं, "तिसऱ्या रात्री झालं." सप्तर्षी बघून आल्यावरही. मग काय केलंस, विचारलं. म्हणाली, "काही नाही. सकाळी बाईंनी सगळ्यांनाच बॅगा उलट्या करून भिंतीवर उन्हात टाकायला लावल्या, दव पडलं म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "आई, दव आत खोलीत पडत नाही ना?" मी म्हटलं, नाही. दोघी हसलो.

आता एक तातडीचं. स्लीपिंग बॅग दिराची आहे, रविवारी परत द्यायची आहे. बाकी सगळं गेलं, पण चुलीच्या धुराचा वास जात नाही. काय करू?

---

शिट्टीवाल्या_बाई (३ जानेवारी)

पुन्हा उलटी करून दोन दिवस कडक उन्हात. मशीनला लावू नका, आतला कापूस गोळा होतो. तरी थोडा राहीलच, दिराला तसं सांगून द्या. माझ्या शालीला २०११ पासून आहे.

दव चांगलं आहे. ह्या वर्षीपासून आमच्याकडेही पडेल.