१९८२ ते १९९३ : मुंबई पोलिसांचं ते दशक कुठून वाचायला घ्यावं?

परळचा_वाचक

नमस्कार मंडळी. गिरणगावाच्या इतिहासावर मी टिपणं काढतोय. गिरण्यांबद्दल भरपूर सापडतं. पण त्याच रस्त्यांवर उभ्या असलेल्या पोलिसांबद्दल शोधायला गेलं की टोळ्या आणि चकमकी एवढंच हाती लागतं. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलीस चकमकीत मारला गेला, तिथून सुरुवात. मग नोव्हेंबर १९९१ ची लोखंडवालातली चकमक. मधल्या दहा वर्षांत साध्या शिपायाचं काय चाललं होतं? पोलिसांनीही एकदा संप केला होता असं आजोबा सांगायचे, ते खरं का?

बीडीडीची_लेक

खरं आहे. बुधवार, १८ ऑगस्ट १९८२. मी अकरा वर्षांची होते.

पण तुम्ही ११ जानेवारी धरलीत, तिथून फक्त एक आठवडा पुढे या. १८ जानेवारीला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. माझ्या मते पोलिसांची गोष्ट तिथून सुरू होते, कारण दोघं राहायला एकाच जागी होते.

माझे बाबा पोलिसांच्या सशस्त्र दलात शिपाई. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस खोल्या, संडास सामायिक. समोरच्या खोलीतले काका गिरणीत साच्यावर होते. संप सुरू झाला आणि बाबांची ड्युटी गिरणीच्या फाटकावर लागायला लागली. फाटकाच्या आत-बाहेर ओळखीचेच चेहरे. संध्याकाळी काका गॅलरीत बसलेले असायचे. बाबा पट्टा काढून त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे, बराच वेळ दोघं काहीच बोलायचे नाहीत. काकांकडचा पगार थांबला होता. काकू पीठ न्यायला आल्या की आई मोजून देत नसे.

आणि पोलिसांची स्वतःची दुखणी होतीच. ड्युटी संपायची वेळ नाही, सुट्टी बंदोबस्तात जाणार, घर म्हणजे ही एक खोली, वर साहेबांच्या घरची कामं. तेव्हा पोलिसांची संघटना होती हे आज सांगितलं तर मुलांना पटत नाही. त्या वर्षी १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. तीन दिवसांनी सरकारने संघटनेची मान्यता काढली आणि पुढाऱ्यांना पकडलं. बातमी फुटली तसे पोलीस रस्त्यावर आले, त्यांच्यात गिरणी कामगार मिसळले. लोकल अडवल्या गेल्या, दुकानं फुटली, जाळपोळ झाली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले होते, पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो.

बाबा रात्रपाळी करून आले होते. आईने दाराला आतून कडी घातली आणि दिवसभर उघडली नाही. मला खिडकीतून लष्कराच्या गाड्या दिसल्या. त्या दिवशी बाबांना बाहेर जायचं होतं की नव्हतं, हे मी पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते उठून गेले.

अनेकांना बडतर्फ केलं गेलं. संघटना गेली ती गेलीच. पोलिसांच्या संघटनांवर बंधनं घालणारा १९६६ चा केंद्राचा कायदा आहे, पण मान्यता असताना निदान गाऱ्हाणं मांडायला एक टेबल तरी होतं. त्यानंतर शिपाई बोलेनासा झाला. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीची दंगल मुंबईत पसरली, पुढे टोळीयुद्धं वाढली. १२ सप्टेंबर १९९२ ला तर जे. जे. रुग्णालयात घुसून गोळीबार झाला आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीस गेले. हे सगळं त्या न बोलणाऱ्या दलाच्या अंगावर येत गेलं. दंगलींचा डिसेंबर ९२ उजाडला तेव्हा हे लोक आधीच थकलेले होते.

भेंडीबाजार_ते_मुंब्रा

ताई, चाळीचं वर्णन वाचून गलबलून आलं. पण शेवटचं वाक्य मला पुढे जाऊ देत नाही. थकलेला माणूस कुणावरही चिडतो. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये तसं झालं नाही. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. एकूण ९०० पैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात गेले, म्हणजे भोसकाभोसकीत गेलेल्यांपेक्षाही जास्त. पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी आकस होता हे आयोगाने स्पष्ट लिहिलं आणि ३१ पोलिसांवर कारवाईची शिफारस केली. तोच आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला होता, काही महिन्यांनी पुन्हा नेमला, आणि अहवाल १९९८ साली आला. आम्ही त्या जानेवारीत घर सोडलं ते कायमचं. रस्त्यात खाकी दिसली की अम्मी माझा हात घट्ट धरायची. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

बीडीडीची_लेक

भाऊ, तुमचं बरोबर आहे. थकव्याने हे झाकता येत नाही, मी तसं लिहायला नको होतं. बाबा त्या दोन महिन्यांत घरी फार कमी आले, आणि आले तेव्हा आमच्या मजल्यावर जी भाषा चालायची ती मी ऐकलेली आहे. त्या भाषेत बोलणारे पोलीसही होते, कामगारही होते. दहा वर्षांपूर्वी एकमेकांना पीठ देणारीच ती माणसं.

परळचे वाचक, म्हणून बॉम्बस्फोटांचा शुक्रवार, १२ मार्च १९९३ वेगळा वाचू नका. २५७ माणसं गेली. आमच्या वरळीतला सेंच्युरी बाजारचा स्फोट सगळ्यात भीषण होता. बाबा तिथे माणसं उचलायला होते. वरळीतच टाकून दिलेल्या मारुती गाडीवरून तपास माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचला, हे दलाचं मोठं काम, ते लिहाच. पण दोन महिन्यांपूर्वी लोकांचा विश्वास गमावलेलं दलही हेच. नंतर सतीश साहनी आयुक्त असताना मोहल्ला समित्या, म्हणजे वस्तीतले लोक आणि पोलीस यांच्या एकत्र समित्या, उभ्या राहिल्या, रिबेरोही त्यात होते. शिपाई आणि वस्ती पुन्हा समोरासमोर बसली ती अशी.

परळचा_वाचक

दोघांचेही आभार. आता १८ जानेवारी १९८२ पासून लिहायला घेतो आणि आयोगाचा अहवाल मुळातून वाचतो. ताई, तुमच्या आईंशी बोलता येईल का?

बीडीडीची_लेक

विचारते. तिला तारखा आठवणार नाहीत, पण कुठल्या खोलीत कोण राहायचं आणि कोणाचं पुढे काय झालं ते सांगेल. ती नावं तेवढी लिहू नका. रविवारी दुपारनंतर फोन करा, तेव्हा ती निवांत असते.