मदत हवी आहे: सिंगापूर चायनाटाऊन, एकच संध्याकाळ. देवळं, जेवण आणि बार कोणत्या क्रमाने?

तांबडफुटी
परवा निघतोय आणि नेमकी हीच संध्याकाळ अडली आहे. मरिअम्मन देऊळ, बुद्धाच्या दाताचं देऊळ, थिआन हॉक केंग, मग जेवण, मग क्लब स्ट्रीटला एखादा बार. क्रम काय लावू? चार ठिकाणी वाचलं, चारही क्रम वेगळे. गूगल कर असं कृपया सांगू नका, ते करूनच आलोय.

पाऊलवाट
किती वाजता मोकळे होणार? सोबत कोण? शाकाहारी का? हे कळल्याशिवाय क्रम कसा सांगणार?

मिरचीठेचा
चायनाटाऊन सोडाच. लिटल इंडियात जा. सेरंगून रोडवर वीरमाकाळीअम्मनचं दर्शन घ्या आणि शेजारीच डोसा खा. आम्ही चारही दिवस तिथेच जेवलो.

तांबडफुटी
लिटल इंडिया आदल्या दिवशी आहे हो! चारला मोकळे होऊ. मी, बायको आणि आई. आई माळकरी आहे, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. गुडघे दुखतात. बारला ती येणार नाही, अर्थात.

पाऊलवाट
हे आधी सांगायचं ना! ऐका. मरिअम्मन दुपारी बाराला बंद होतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं. बाकीची दोन्ही संध्याकाळी लवकर बंद होतात. म्हणून चारला आधी तेलोक आयर स्ट्रीटवर थिआन हॉक केंग करा. माझू या समुद्रदेवीचं देऊळ, 1839 ते 1842 मध्ये बांधलेलं. आज समोर इमारती आहेत, पण भर घालण्याआधी समुद्र त्या रस्त्यापर्यंत होता. जहाजातून उतरलेला माणूस आधी तिथे हात जोडायचा. तिथून बुद्धाच्या देवळात, आणि सहाला मरिअम्मन. तोवर फरशीही निवलेली असते, अनवाणी आईंना चटके बसणार नाहीत.

कोपीओ
जेवायला मॅक्सवेल फूड सेंटर, बुद्धाच्या देवळासमोरच. चिकन राईस चुकवू नका.

मिरचीठेचा
अहो, माळकरी माणसाला चिकन राईस? म्हणून तर म्हणतोय लिटल इंडिया. चिनी वस्तीत आपल्यासारख्यांना उपाशी राहावं लागतं.

अबोली_
हे साफ चूक आहे. मी सहा वर्षं तिथे राहिले. चिनी बौद्ध शाकाहारी स्वयंपाकात कांदा-लसूण मुळातच वर्ज्य असतो, चातुर्मासाला याहून सोयीचं काय! फक्त दोन गोष्टी सांभाळा. तिथे सोयाचं किंवा गव्हाच्या सत्त्वाचं 'मांस' करतात, ते हुबेहूब दिसतं. माझ्या सासूबाईंनी ताट बघूनच मागे सारलं होतं. तेव्हा टोफू, भाज्या आणि भात असं बोट दाखवून घ्या, अंडं नाही ना तेही विचारा. दुसरं, काया टोस्ट आईंना देऊ नका. तो हिरवट नारळी जॅम अंडी घालून शिजवतात. बरेच लोक नकळत खातात.

कोपीओ
काया टोस्टचं माहीत नव्हतं. आईला दिला होता मी. वाईट वाटलं.

शिलेदार
व्हिसा झाला का? आणि एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरा. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साईटवर भरू नका.

तांबडफुटी
व्हिसा झाला. बारचं कोणीच सांगत नाहीये.

पाऊलवाट
क्लब स्ट्रीट आणि ॲन सिआंग हिल हा चढ आहे, आई नाहीत तर हरकत नाही. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर 10 टक्के सेवाशुल्क आणि 9 टक्के कर वेगळा धरा. रात्री साडेदहानंतर सकाळी सातपर्यंत दुकानातून बाटली मिळत नाही आणि उघड्यावर पिणं गुन्हा आहे. बारच्या आत चालतं.

मालकंस
त्याच ॲन सिआंगच्या विहिरींचं पाणी बैलगाड्यांतून वस्तीत यायचं. म्हणून चायनाटाऊनचं चिनी नाव न्यू चे श्वे, म्हणजे बैलगाडीचं पाणी. मलय नाव क्रेता आयर, अर्थ तोच. पॅगोडा स्ट्रीट हे नाव मरिअम्मनच्या गोपुरावरून पडलं. देऊळ 1827 चं, नारायण पिल्ले यांनी उभं केलेलं. पलीकडे जामे मशीद, तिच्यावरून मॉस्क स्ट्रीट. आईंना गोपुराखाली उभं राहून हे सांगा, खूप आवडेल.

शिलेदार
दिवाळीच्या साधारण आठवडाभर आधी मरिअम्मनला निखाऱ्यांवरून चालतात, तीमिती. तारखा जुळतात का बघा.

अबोली_
मुख्य प्रश्न राहिलाच. जेवणानंतर आईंना परत कोण सोडणार? हॉटेल कुठे आहे?

तांबडफुटी
टेंपल स्ट्रीटवर. हॉटेल चायनाटाऊनमध्येच आहे, ते लिहायचं राहिलं.

अबोली_
मग अडलंय कुठे? मरिअम्मनच्या दारातून हॉटेल पाच मिनिटांवर. आरती झाली की जेवा, आठला आईंना खोलीवर सोडा, फोन चार्ज करून द्या आणि दोघं निघा.

तांबडफुटी
हेच हवं होतं. आईला आत्ता बैलगाडीचं सांगितलं. ती विचारतेय, त्या विहिरी अजून आहेत का?

मालकंस
जवळच्या ॲन सिआंग हिल पार्कात एक जुनी विहीर आहे. पायऱ्या आहेत, दुपारीच हळूहळू न्या.