रस रोझ, जॉन कुक, डेव्ह शोजी… अमेरिकन महिला कॉलेज व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षकांची तुलना कशी करावी?

पाचवा_सेट:
क्लबच्या मुलींसाठी अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलच्या मोठ्या प्रशिक्षकांचा एक तक्ता करतोय. आत्तापर्यंत चार नावं घेतली आहेत: पेन स्टेटचे रस रोझ (१,३३० विजय), हवाईचे डेव्ह शोजी (१,२०२), यूसीएलएचे अँडी बनाचोव्स्की (१,१०६) आणि नेब्रास्काचे जॉन कुक (तिथले ७२२). दोन अडचणी आहेत. बनाचोव्स्कींची विजेतेपदं कुठे ३ लिहिलेली दिसतात, कुठे ६. शोजींचीही ३ आणि ४ असा घोळ आहे. आणि नुसत्या विजयांवर क्रम लावला तर तो पटत नाही. दुसरा कुठला निकष लावावा?

मागची_फळी:
आधी विजेतेपदांचा घोळ. एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची आजची मुख्य संघटना, तिने महिलांची स्पर्धा १९८१ मध्ये सुरू केली. त्याआधी महिलांच्या कॉलेज खेळांचा कारभार एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना पाहायची. १९८१ च्या मोसमात तर दोन विजेते झाले: एनसीएएचा यूएससी आणि एआयएडब्ल्यूचा टेक्सास. बनाचोव्स्कींची ३ विजेतेपदं जुनी, म्हणजे एनसीएएपूर्वीची आहेत आणि ३ एनसीएएची (१९८४, १९९०, १९९१). शोजींचं १९७९ चं जुनं, तर १९८२, १९८३ आणि १९८७ ची एनसीएएची. तक्त्यात दोन वेगळे रकाने कर, बेरीज करू नकोस. पण जुना रकाना गाळूही नकोस. सत्तरच्या दशकात ज्यांनी संघ उभे केले त्यांचं निम्मं काम त्यातच आहे.

आता विजय. एकूण आकडा म्हणजे बराचसा नोकरीचा काळ. रोझ ४३ मोसम होते (१९७९ ते २०२१), कुक नेब्रास्कात २५ (२००० ते २०२४). टक्केवारी काढली की चित्र पालटतं. रोझ १,३३० विजय–२२९ पराभव म्हणजे ८५.३. शोजी १,२०२–२०४ आणि एक बरोबरी, म्हणजे साधारण ८५.५. कुक ७२२–१०३, ८७.५. बनाचोव्स्की १,१०६–३०१, ७८.६. फक्त एक लक्षात ठेव, कुक यांचा आकडा एकट्या नेब्रास्काचा आहे. १९९२ ते १९९८ ते विस्कॉन्सिनला होते. ते सामने धरले तर टक्केवारी खाली येते. बाकी तिघांची कारकीर्द एकाच कॉलेजातली असल्यामुळे ही तुलना पूर्ण समान नाही, तशी टीप खाली दे.

सर्व्हिस_बदल:
टक्केवारी ठीक आहे, पण माझ्या मते खरा निकष गुणपद्धतीचा आहे, आणि तो कुणी लावत नाही.

आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना १५ गुणांचा सेट आठवत असेल. सर्व्हिस तुमच्याकडे असेल तरच गुण, नाहीतर नुसता सर्व्हिस बदल. अमेरिकन महिला कॉलेजमध्ये ही पद्धत २००० पर्यंत होती. २००१ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि ३० चा सेट, आणि २००८ पासून २५ चा.

प्रशिक्षकाचं काम यामुळे मुळापासून बदललं. जुन्या पद्धतीत सर्व्हिस नेटमध्ये गेली तर हातची सर्व्हिस जायची, गुण नाही. नव्या पद्धतीत तीच चूक समोरच्याला थेट गुण देते. म्हणजे कोणत्या खेळाडूला जोरात सर्व्हिस करू द्यायची आणि कोणाला सुरक्षित, हा हिशोब नव्याने मांडावा लागला. पासिंगचंही (समोरची सर्व्हिस उचलण्याचंही) तसंच. पूर्वी एका रोटेशनमध्ये (खेळाडूंच्या जागांच्या एका मांडणीत) अडकलात तर पुन्हा सर्व्हिस मिळवून सावरायला वेळ होता. आता एका कच्च्या रोटेशनमध्ये पाच गुण गेले की २५ चा सेट हातातून निसटतो. त्यात २००२ मध्ये लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या फळीत बचाव करणारी खेळाडू, आली.

या तिन्ही काळांत विजेतेपद कोणी मिळवलं ते बघ:

रोझ: १९९९ (१५ गुण), २००७ (३०), मग २००८, २००९, २०१०, २०१३, २०१४ (२५).
कुक: २००० (१५), २००६ (३०), २०१५ आणि २०१७ (२५).
जॉन डनिंग: पॅसिफिक कॉलेजात १९८५, १९८६, स्टॅनफर्डला २००१, २००४, आणि २०१६.

डनिंग तुझ्या यादीत नाहीत, ही मोठी चूक आहे. तीन पद्धती, दोन कॉलेजं, ५ विजेतेपदं.

पाचवा_सेट:
डनिंगना लगेच घेतो. मग रोझ आणि कुक यांत वर कोण?

सर्व्हिस_बदल:
मैदानापुरतं बोलायचं तर रोझ. सलग १०९ सामने जिंकले. स्टॅनफर्डकडून २००७ मध्ये हरल्यानंतर ही मालिका सुरू झाली आणि २०१० मध्ये स्टॅनफर्डनेच ती थांबवली. २००८ चा मोसम ३८–० होता, आणि अख्ख्या मोसमात फक्त २ सेट गमावले. ते दोन्ही एकाच सामन्यात, ओमाहाच्या उपांत्य फेरीत, नेब्रास्काच्या घरच्या १७ हजारांवर प्रेक्षकांसमोर. दोन सेटची आघाडी गेल्यावर पेन स्टेटने पाचवा सेट काढला. मुलींना हा सामना जरूर दाखव. वर्षभर एकही सेट न हरलेला संघ २–२ वर कसा वागतो, हे त्यात दिसतं.

मागची_फळी:
वारसा म्हणशील तर आणखी एक रकाना हवा: हाताखालून कोण घडलं. इथे टेरी पेटिट यांचं नाव यायलाच हवं. नेब्रास्कात १९७७ ते १९९९, विजेतेपद एकच (१९९५), म्हणून ते अशा याद्यांतून गळतात. पण रोझ पेन स्टेटला जाण्याआधी पेटिट यांच्याकडे सहायक होते आणि कुकसुद्धा त्यांचेच सहायक. कुकना तर शेवटच्या वर्षी, १९९९ मध्ये, विस्कॉन्सिनहून परत आणून शेजारी बसवलं आणि मग संघ हाती दिला. पुढच्याच मोसमात ३४–०. संघ सोपवावा तो असा. बहुतेक ठिकाणी मोठा प्रशिक्षक गेला की भरतीतल्या मुली दुसरीकडे जातात आणि दोन-तीन वर्षं वाया जातात.

पुढची पिढीही मांड. २०२४ ची अंतिम फेरी पेन स्टेट विरुद्ध लुईव्हिल. एका बाकावर केटी शूमाकर-कॉली, रोझ यांच्या १९९९ च्या विजेत्या संघातली खेळाडू. दुसऱ्यावर डॅनी बुसबूम केली, कुक यांच्या २००६ च्या विजेत्या संघाची लिबेरो, जी आधी सेटर होती. पेन स्टेट ३–१ ने जिंकला आणि एनसीएए डिव्हिजन एकचं (सर्वांत वरच्या गटाचं) महिला व्हॉलीबॉल विजेतेपद पहिल्यांदा एका महिला प्रशिक्षकाला मिळालं, तेही त्या मोसमात तिच्यावर कर्करोगाचे उपचार चालू असताना. फ्लोरिडाच्या मेरी वाइज २००३ आणि २०१७ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनाही तक्त्यात जागा दे.

कुक यांनी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा नेब्रास्काने बोलावलं ते बुसबूम केलीलाच.