गच्चीवरचा सिनेमा : पॅडिंग्टन पहिला लावू की थेट दुसरा?

गच्चीवाला_कोथरूड :
दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत गच्चीवर पडदा लावून मुलांना सिनेमा दाखवतात. यंदा निवड माझ्या गळ्यात पडली आहे. प्रोजेक्टर आहे, सतरंज्या आहेत, पावभाजीचं सांगून झालंय, फक्त सिनेमा ठरायचाय. मी लंडनला आलेल्या अस्वलाचा 'पॅडिंग्टन' (२०१४) सुचवला, तर कमिटीतल्या एक ताई म्हणाल्या, "दुसरा लावा, २०१७चा. पहिल्यापेक्षा सरस आहे."

मी पहिलाच पाहिलाय आणि मला आवडला होता. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस असतो हे काही पचनी पडत नाही. 'झपाटलेला २' थ्रीडीत पाहिलेला माणूस आहे मी. तात्या विंचू परत आला, पण त्याला घाबरायला लक्ष्या कुठे होता?

मुलं पाच ते अकरा वयाची, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा. पहिला न पाहता दुसरा कळेल का? आणि खरंच सरस आहे का?

पेठेतला :
दुसरा भाग म्हणजे उरलेल्या भाताला दिलेली फोडणी. पहिलाच लावा. आणि नऊच्या आत आटपा, गच्चीखालच्या मजल्यावर माणसं राहतात.

मालतीमावशी :
फोडणीचा भात ताज्यापेक्षा चविष्ट लागतो हे पेठेत सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. असो.

नातीच्या कृपेने दोन्ही इतक्यांदा पाहिलेत की कुठे काय होतं ते डोळे मिटून सांगेन. दुसराच लावा.

पहिल्यात निम्मा वेळ लंडनचं ब्राउन कुटुंब या अस्वलाला ठेवून घेणार की नाही यातच जातो. ठेवून घेणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय त्यातली निकोल किडमन! तिला पॅडिंग्टनला मारून, भुसा भरून संग्रहालयात उभा करायचाय. आमची नात तेव्हा पाच वर्षांची होती, ती सोफ्याच्या मागे जाऊन बसली आणि तिथूनच "गेली का ती बाई?" विचारत राहिली. तुमच्याकडे पाच वर्षांची मुलं आहेत म्हणून सांगते.

दुसऱ्यात तो गल्लीत रुळलेला आहे. सकाळी बाहेर पडताना एका शेजाऱ्याला किल्लीची आठवण करतो, सायकलवालीला सँडविच देतो. बघताना वाटतं, गंमत म्हणून घातलंय. मग न केलेल्या चोरीपायी त्याला तुरुंगात टाकतात, आणि गल्लीची रयाच जाते. किल्लीवाला दाराबाहेर अडकतो, माणसं एकमेकांवर खेकसू लागतात. हे अस्वल किती गुणी आहे, असं कुणाच्या तोंडी घालावं लागलं नाही. तो नाहीये एवढंच दाखवलं आणि काम झालं. मला वाटतं, दुसरा सरस आहे तो इथे. ब्राउनबाईंचं पोहणं, ब्राउनसाहेबांची योगासनं, त्यांच्या मुलाचं आगगाडीचं वेड, सगळं सुरुवातीला जाता जाता येतं आणि पुढे कामाला लागतं. कसं ते सांगत नाही.

आजी-आजोबांसाठी ह्यू ग्रँट आहे. त्याने रंगवलाय बाजारातून उठलेला नट, कुत्र्याच्या खाण्याच्या जाहिरातीवर आलेला, माळ्यावर जुन्या भूमिकांच्या पोशाखांशी गप्पा मारत बसतो. भरत नाट्यमंदिरात चार नाटकं पाहिलेल्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं, नामांकनही मिळालं होतं ग्रँटला.

रीळवेडा :
लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आयुष्य घालवलेल्याचं मत, पटलं तर घ्या. मावशी, निम्मा वेळ फुकट गेला असं नाही म्हणता येणार. स्टेशनवर गळ्यात चिठ्ठी अडकवून उभं असलेलं अस्वल आणि शेजारून निघून जाणारी माणसं, हे पहिल्याचं काळीज आहे. युद्धाच्या काळात घरापासून लांब पाठवलेल्या, गळ्यात चिठ्ठ्या अडकवलेल्या मुलांची आठवण मूळ पुस्तकाच्या (१९५८) लेखकाच्या मनात होती. मायकेल बाँड यांनीच ते सांगितलंय. पहिल्या सिनेमातले जुन्या वस्तूंचे दुकानदार ग्रूबरही असेच लहानपणी एकटे लंडनला पाठवले गेलेले. दुसऱ्याच्या शेवटी घशात आवंढा येतो तो या साठवणीवर. घरची शिल्लक दुसऱ्या भागाने खर्च केली, एवढंच म्हणतो.

पण उडवली नाही, हेही खरं. दोन्हींचा दिग्दर्शक पॉल किंग. तिसऱ्याला (२०२४) दिग्दर्शक बदलला, ब्राउनबाईंच्या भूमिकेत सॅली हॉकिन्सऐवजी एमिली मॉर्टिमर आली आणि सगळे लंडन सोडून पेरूला गेले. जंगल आहे, नदी आहे, धावपळ आहे. गल्ली नाही. तो मी एकदाच पाहिला.

मालतीमावशी :
शिल्लक म्हणा हवं तर. पण ज्याने पहिला पाहिलेला नाही त्याचं अडत नाही. दुसऱ्याची सुरुवातच, पॅडिंग्टनला वाढवणारी लूसीमावशी नदीत वाहून चाललेल्या पिल्लाला, म्हणजे त्यालाच, वाचवते तिथून होते. पाच वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं. पुढे तिच्या शंभराव्या वाढदिवसासाठी त्याला भेटवस्तू विकत घ्यायची आहे, कथा त्याच्यावरच चालते. ज्यांना आवडेल ते दुसऱ्या दिवशी घरी पहिला लावतील. त्यांच्या आयाही सोबत बसतील, म्हणजे निकोल किडमनची सोय झाली.

पेठेतला :
लांबी किती? नऊचं विचारलं होतं.

गच्चीवाला_कोथरूड :
पावणेदोन तासांच्या आसपास. सातला सुरू करतो, नऊला पडदा खाली. दुसराच ठरला, ताईंना कळवतो. रीळवेडा, तुमचं म्हणणं पटलं, पण भुसा भरणाऱ्या बाईचा हिशेब मला पालकांना द्यावा लागेल.

एकच राहिलं. मध्यंतर कुठे घेऊ? पावभाजी तेव्हाच वाढायची आहे.

मालतीमावशी :
तुरुंगातला तो दांडगा आचारी संत्र्याच्या मुरंब्याचा पहिला घास घेतो, तिथे थांबवा. त्याच्या आधी थांबवलंत तर पोरं ऐकणार नाहीत, कैद्यांचे कपडे धुण्यात गुलाबी होतात तो भाग आहे तिथे.