मॅकसॉर्लीजच्या पाटीवरील १८५४ हे साल खरे मानावे काय?

प्रश्न:
अमेरिकेतील जुन्या सलूनांविषयी वाचत आहे. (आपल्याकडे सलून म्हटले की वस्तरा आणि आरसाच आठवतो, येथे मद्यगृह असा अर्थ घ्यावा.) मॅनहॅटनमधील पूर्व सातव्या रस्त्यावरचे मॅकसॉर्लीज आपली स्थापना १८५४ ची सांगते. या सालाला आधार काय? शिवाय १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ते कसे टिकले?

प्रतिसाद १:
१८५४ हे परंपरेने सांगितले जाणारे साल आहे. रिचर्ड मॅकडरमॉट या इतिहासाच्या अभ्यासकाने करआकारणीच्या नोंदी, विम्याचे नकाशे आणि जनगणनेची कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा १८६०-६१ पर्यंत ती जागा मोकळीच होती, असे त्यांना आढळले. मला कागदपत्रांची बाजू अधिक पटते. नावही पुढे बदललेले आहे: आयर्लंडहून आलेल्या जॉन मॅकसॉर्ली यांनी दुकानाला आधी ‘द ओल्ड हाऊस ॲट होम’ असे नाव दिले होते आणि ती पाटी १९०८ मध्ये वाऱ्याने पडल्यावर मॅकसॉर्लीज हे नाव आले, असे सांगतात.

प्रतिसाद २:
दारूबंदीत कायद्याने अर्धा टक्क्याहून कमी मद्यार्क असलेली ‘निअर बिअर’ विकता येत असे. येथेही नावाला तीच होती. प्रत्यक्षात एल (बिअरचा एक प्रकार) तळघरात तयार होई, आणि गिऱ्हाइकांना ते ठाऊक होते. आजही तेथे फिकट आणि गडद अशी दोनच प्रकारची एल मिळते, तीही एका मागणीला दोन पेले याप्रमाणे. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला असतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता, हे खरे काय?

प्रतिसाद १:
होय. १९३९ मध्ये वडिलांकडून मालकी मिळालेल्या डोरोथी ओ’कॉनेल कर्वन यांनीही तो नियम मोडला नाही आणि कारभार पतीकडे सोपवला. १९६९ मध्ये फेथ सायडेनबर्ग आणि कॅरेन डिक्रो या स्त्रीहक्क कार्यकर्त्यांना तेथे मद्य नाकारण्यात आले. त्यांच्या दाव्यावर १९७० मध्ये संघीय न्यायालयाने, मद्यविक्रीचा परवाना राज्य देते आणि त्यावर नियंत्रणही राज्याचेच असते, म्हणून राज्यावरचे समान वागणुकीचे बंधन येथेही लागू होते, असे धरून हा भेदभाव घटनाविरोधी ठरवला. स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह व्हायला मात्र १९८६ उजाडले.